खळ्यावरची हळद : गम प्रिंटच्या नोंदी

9 मार्च 2025, रविवार

फोटो ठरला. फेब्रुवारीत मामीच्या खळ्यावर काढलेला. शिजवलेली हळद वाळत पसरलीय, लाल इरकलीतली मामी वाकून दाताळ्याने ती फिरवतेय, मागे निळी ताडपत्री बांधलीय आणि तिच्याखाली दाट सावली. पिवळा, लाल, निळा आणि एक मोठा काळोखा कोपरा.

मामीचे फोटो आहेत ते सगळे लग्नकार्यातले, नथ घालून उभी असलेले. सांगलीची हळद देशभर जाते, 2018 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण ती हळद उकडून, वाळवून, पॉलिशला देईपर्यंत जिची कंबर वाकते तिचा कामातला एक फोटो घरात नाही. म्हणून हा प्रिंट तिच्यासाठी, आणि इंकजेटवर काढलेला नाही. हाताने, डिंकात रंग कालवून, थरावर थर चढवून. यालाच गम प्रिंट म्हणतात.

पद्धत जुनी आहे. डिंकात रंगाची पूड आणि डायक्रोमेट हा क्रोमियमचा क्षार मिसळून कागदावर लेप द्यायचा, वर निगेटिव्ह ठेवून अतिनील प्रकाश द्यायचा. प्रकाश लागतो तिथे क्रोमियममुळे डिंक पाण्यात न विरघळणारा होतो आणि रंगाला धरून बसतो. उरलेला पाण्यात सुटून जातो. आल्फोन्स प्वाटव्हँने 1855 मध्ये याचा पाया घातला, जॉन पाउन्सीने 1858 मध्ये लंडनमध्ये असे प्रिंट दाखवले. पण मला ओढ लागली ती व्हिएन्ना कॅमेरा क्लबातल्या तिघा छायाचित्रकारांमुळे, हाइनरिश क्यून, हुगो हेन्नेबेर्ग आणि हान्स वात्सेक. एका लेपात डिंक फार थोड्या छटा धरतो. या लोकांनी 1890 च्या दशकात त्याच कागदावर पुन्हा पुन्हा लेप देऊन ती उणीव भरून काढली. मलाही तेच करायचंय, तीन रंगांत.

15 मार्च

डिंक. किराणा दुकानातून लाडवाचा डिंक आणला होता तो फुकट गेला. रात्रभर भिजवला तर अर्धा विरघळला आणि अर्धा फुगून जेलीसारखा तळाशी बसला. म्हणजे बाभळीचा नव्हता, दुसऱ्या कुठल्या तरी झाडाचा मिसळलेला होता. बाभळीचा डिंक फुगत नाही, सगळा विरघळतो. आता काष्ठौषधीच्या दुकानातून निवडून आणलाय, मधाच्या रंगाचे काचेसारखे खडे.

35 ग्रॅम डिंक, 100 मिली पाणी. खडे मलमलच्या फडक्यात बांधून बरणीत वरून टांगले, श्रीखंडाला चक्का टांगतात तसे. ढवळायचं नाही. पाणी आपोआप जड होत खाली उतरतं आणि साली, काड्या फडक्यात राहतात. दोन दिवस लागतात.

उन्हाळ्यात हे चार-पाच दिवसांत आंबतं. त्याच दुकानातून ओव्याची फुलं घेतली, म्हणजेच थायमॉल. अमृतधारेत पडतात तीच. 100 मिलीला दोन-तीन कण पुरेत. बरणी उघडली की ओव्याचा वास येतो.

16 मार्च

पोटॅशियम डायक्रोमेट, 10 ग्रॅम 100 मिली पाण्यात. अमोनियम डायक्रोमेट जास्त विरघळतं आणि प्रकाशालाही जास्त चटकन उत्तर देतं, पण ते पेट घेऊ शकतं. शाळेत ज्वालामुखीचा प्रयोग दाखवतात तो त्याचाच. घरात मला ते नको.

पोटॅशियमचंही लाडकं करायचं कारण नाही. हे सहा संयुजेचं क्रोमियम आहे, कर्करोग करणारं. कोरडी पूड श्वासात जाणं सगळ्यात वाईट. म्हणून वजन एकदाच करायचं, मास्क आणि नायट्राइल हातमोजे घालून, पंखा बंद ठेवून, आणि नंतर फक्त द्रावण वापरायचं. स्वयंपाकघरातलं एकही भांडं या कामात येणार नाही. बाटली कुलपात.

धुवणाचं पिवळं पाणी मोरीत सोडायचं नाही. आमच्या मोरीचं पाणी ओढ्याला जातं आणि ओढा कृष्णेला. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्यांनी रीत सांगितली. सगळं धुवण बादलीत साठवायचं, त्यात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाकायचं. पिवळा रंग जाऊन हिरवट-तपकिरी झाला की क्रोमियम कमी घातक रूपात आलं. मग चुन्याची निवळी घालायची, गाळ तळाशी बसतो. तो गाळ वाळवून बरणीत भरून त्यांच्याकडे द्यायचा, प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्याबरोबर जाईल. हे जमणार नसेल तर गम प्रिंट करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

23 मार्च

कागद सुती, 300 जीएसएम. सहा ताव कढत पाण्यात अर्धा तास बुडवून वाळवले. 35 सेंटिमीटरची बाजू दीड मिलिमीटरने आखडली. हे आधीच झालेलं बरं, दोन थरांच्या मध्ये झालं तर चित्राची जुळणीच जाते.

मग 3 टक्के जिलेटिन कोमट करून ब्रशने दोन हात, आणि ते पक्कं करायला गच्चीवर फॉर्मालिनची अंघोळ. डोळ्यांतून पाणी आलं, मास्क असूनही. हा अस्तराचा हात दिला नाही तर रंग कागदाच्या धाग्यांत शिरून बसतो आणि पांढरा भाग पांढरा राहत नाही.

30 मार्च, गुढीपाडवा

दुपारनंतर निगेटिव्ह. फोटोच्या लाल चॅनेलवरून निळ्या थराची, हिरव्यावरून किरमिजी थराची, निळ्यावरून पिवळ्या थराची. चित्र तीन रंगांत वेगळं करून पुन्हा एकत्र आणायचं, हे तत्त्व भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1861 मध्ये दाखवलेलंच. तिन्ही पारदर्शक फिल्मवर छापल्या, 20 बाय 25 सेंटिमीटर.

5 एप्रिल

पहिला निळा थर. डिंक 5 मिली, डायक्रोमेट 5 मिली, थॅलो निळ्याची पूड 0.15 ग्रॅम. एवढीशीच, कारण थॅलो फार जोरकस. खोलीत पिवळा साधा बल्ब, तो चालतो. रुंद मऊ ब्रशने आडवा, उभा, मग कोरड्या ब्रशने अगदी हलकं फिरवत राहायचं. लेप चिकट व्हायला लागला की हात थांबवायचा. त्या क्षणानंतरचा प्रत्येक फटकारा प्रिंटमध्ये दिसतो.

कडेला 21 पायऱ्यांची, पायरीगणिक गडद होत जाणारी करडी पट्टी ठेवली, किती छटा उतरतात ते मोजायला. सकाळी साडेनऊचं ऊन, अडीच मिनिटं. पाण्यात उलटा तरंगत ठेवला. सहा पायऱ्या आल्या आणि त्याही स्वच्छ. ताडपत्री उमटली. सावलीचा कोपरा मात्र नुसता सपाट निळा गोळा.

6 एप्रिल

काल सकाळी नीट झालेलं काम आज दुपारी बिघडलं. लेप तोच, ऊनही मोजून दिलेलं, पण पाण्यात ठेवताच थर पापुद्र्यासारखा सरकला आणि ट्रेमध्ये निळी शाई पसरली. थर्मामीटर घातला तर पाणी 39 अंश! गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी. कालचं पाणी रात्रभर बादलीत राहिलेलं होतं.

आता धुवायला माठाचं पाणी. 24-25 अंशांच्या आसपास राहतं. दोन माठ फक्त या कामासाठी वेगळे काढले, खडूने खूण करून.

20 एप्रिल

दोन ताव गेले. काल रात्री लेप दिला, वाळवला, काळ्या पिशवीत ठेवला की सकाळी थंड उन्हात पटकन होईल. आज प्रकाश देऊन पाण्यात सोडला तर तासाभरानेही काही सुटेना. सगळा ताव एकसारखा निळा, मामी नाही, ताडपत्री नाही. दुसरा ताव प्रकाश न देता थेट पाण्यात सोडून पाहिला, तोही तसाच निळा राहिला. तेव्हा खात्री पटली.

डायक्रोमेट घातलेला डिंक अंधारातही हळूहळू पक्का होत जातो. उष्णता आणि दमटपणा या दोन्हींमुळे तो वेग वाढतो. रात्री खोलीत 31 अंश होते. थंड देशांतले लोक लेप दिलेला कागद दुसऱ्या दिवशी वापरत असतील, सांगलीत एप्रिलमध्ये लेप वाळला की अर्ध्या तासात प्रकाश द्यायलाच हवा. काचेच्या चौकटीत दुपारच्या उन्हाचाही तोच त्रास, आत कागद भाजतो. यापुढे ऊन बंद. 20 वॅटच्या आठ अतिनील नळ्यांची पेटी सुताराकडून करून घेतेय, मागे पंख्यासह.

27 एप्रिल

पेटीत सात मिनिटं बरोबर बसतात. निळा, किरमिजी, पिवळा, तिन्ही थर एका तावावर पूर्ण झाले. थॅलो निळा, क्विनाक्रिडोन किरमिजी, हान्सा पिवळा. पिवळा पाण्यात सुटत गेला तसे मामीच्या हातांना मातकट रंग आले आणि हळद लखलखली. मी ट्रेजवळ उभी राहून बघत राहिले.

संध्याकाळी ओलसर असतानाच गावी घेऊन गेले. मामीने पदराला हात पुसले, पण ताव हातात घेतला नाही, लांबूनच पाहिला.

"मी हाय व्हय ही?" म्हणाली. मग बराच वेळ गप्प. मग, "हळद अशी नसती बाई. हे बेसन वाटतंय."

तिने कोपऱ्यातल्या पोत्यातून वाळलेल्या हळदीचं एक बोट काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मळकट, तपकिरी, सुरकुतलेलं, वर मातीची पूड. तिने ते दगडावर ठेवून फोडलं, तेव्हा आतून तो गडद केशरी-पिवळा दिसला. पॉलिशच्या पिंपात घोळून साल गेल्यावर हळद पिवळी होते. खळ्यावर ती मातीच्या रंगाची असते, पिवळेपणा आत दडलेला.

फोटो मी काढला, तासन्‌तास स्क्रीनवर पाहिला आणि हळद म्हणजे पिवळी हे डोक्यात असल्याने स्क्रीनवरचा तपकिरी रंग मला दिसलाच नव्हता. फाइल उघडून पाहिली, तिथे तो मळका रंग नीट आहे. मीच पिवळ्याची मात्रा दुप्पट केली होती. तो हळदीचा तुकडा आता टेबलावर आहे.

1 मे

सुट्टी, दिवसभर पिवळ्याचे तुकडे.

एका मैत्रिणीने सुचवलं, हळदच घाल रंग म्हणून. तेही केलं, कारण मोह मलाही होता. हळद डिंकात कालवली तर पांढरा कागदसुद्धा धुऊन निघेना. हळदीतला रंग पाण्यात न विरघळणारी पूड नव्हे, तो कागदाला डाग देतो. अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाकून गच्चीवर ठेवलीय. शिवाय चुन्याच्या निवळीचा थेंब पडला तिथे लाल झाली. कुंकू असंच करतात, हे आठवून छान वाटलं, पण प्रिंटमध्ये असा चंचल रंग नको.

मग पिवडी. भिंतींना देतात ती नाही, त्यात खडू मिसळलेला असतो. चित्रकारांच्या दुकानातली शुद्ध पिवळी लोह-ऑक्साइड. टेबलावरच्या तुकड्याशेजारी वाळलेली पट्टी धरली आणि थांबले. सालीचा रंग हाच. त्यावर हान्सा पिवळ्याचा अगदी पातळ हात दिला की फोडलेल्या बाजूचा रंग येतो. दोन पिवळे लागणार.

5 मे

गच्चीवरची हळदीची पट्टी : उघडा अर्धा भाग चार दिवसांत फिकट मेणासारखा झाला. विषय संपला.

11 मे

पिवडी थॅलोसारखी पारदर्शक नाही. निळ्यावर दिली की ताडपत्रीवर धूळ बसल्यासारखी दिसते. म्हणजे ती सगळ्यात आधी, खाली. पण खाली दिली तर पुढची निगेटिव्ह जुळवायला चित्र दिसत नाही, फिकट पिवळ्यावर कडा सापडत नाहीत.

छापखान्यातला उपाय वापरला. फाइलला भोकं पाडायचा पंच घेऊन कागदाच्या वरच्या पट्टीत दोन भोकं, प्रत्येक निगेटिव्हलाही तीच दोन, आणि पाटावर दोन खिळे. आता डोळ्यांनी जुळवायचं नाही, खिळ्यांवर अडकवायचं. रविवर्म्यांच्या छापखान्यातली चित्रंही अशीच एका रंगाला शिळाछापाचा एक दगड करून, जुळणी सांभाळत छापली जात. त्या दगडांवरही बाभळीसारख्याच झाडांचा डिंक लावत, पण तिथे त्याचं काम उलटं, शाईला दूर ठेवायचं. 1899 साली लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेलेल्या त्या छापखान्यातल्या कामगारांनी पावसाळ्यात कागद कसा सांभाळला असेल, हा प्रश्न दिवसभर मनात होता.

पिवडीचा थर : डिंक 5, डायक्रोमेट 5, पिवडी 0.8 ग्रॅम, आठ मिनिटं. तीन तावांवर दिला. तिन्ही चांगले.

18 मे

हान्साचा पातळ हात, तिन्ही तावांवर. फक्त 0.1 ग्रॅम. ओला असताना दिसतच नाही, वाळल्यावर हळदीच्या राशीला आतून ऊब आली.

25 मे

पाऊस. मान्सून काल केरळात पोहोचला, 1 जूनच्या बराच आधी, आणि इथे त्याच्याही आधीपासून वळवाने झोडपलंय. एप्रिलमध्ये खोलीत 28 टक्के दाखवणारं आर्द्रतेचं यंत्र आज 84 वर.

निळा थर द्यायचा होता. निगेटिव्ह खिळ्यांवर अडकवली आणि उजव्या कडेला जवळपास एक मिलिमीटर कमी पडली. निगेटिव्ह आखडलेली नाही, कागद फुगलाय. कोरड्या दिवसांत दोन थर बसले, आता तोच कागद हवेतली ओल पिऊन मोठा झाला. काही न करता ताव परत ठेवले.

लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात 40 वॅटचा बल्ब लावला, कॅमेऱ्याच्या भिंगांना बुरशी लागू नये म्हणून करतात तसा. ताव रात्रभर आत, लेप न दिलेले, नुसते. यंत्र आत ठेवलंय.

26 मे, रात्री

कपाटात 41 टक्के. ताव बाहेर काढून लगेच मोजला. फरक राहिलाय तो केसाएवढा. म्हणजे लेप देऊन, गार वाऱ्यावर वाळवून, दहा मिनिटं कपाटात, मग लगेच पेटीत. दमट हवेत डिंक प्रकाशालाही जास्त उत्तर देतो, म्हणून चाचणी पट्टीवर सात मिनिटांऐवजी साडेपाच.

1 जून

निळा बसला, तीनपैकी दोन तावांवर. तिसऱ्यावर लेपात फुगे राहिले, ताडपत्रीवर पांढरे ठिपके आले. तो आता चाचण्यांसाठी.

8 जून

किरमिजी. इरकल लाल झाली, मामीच्या हातांना रंग आला. पिवडीवर किरमिजी आल्याने हळदीच्या सालीत तांबूस झाक आलीय, तुकड्याशी ताडून पाहिली, बरोबर आहे.

सावली अजून मेलेली आहे. तिन्ही रंग तिथे एकत्र येतात, पण काळा होत नाही, जांभळट चिखल होतो आणि त्यात काही वेगळं दिसत नाही. फाइलमध्ये त्या अंधारात काहीतरी आहे. गोलसर, खांद्याला किंचित उजेड लागलेलं. दगड असेल किंवा पोतं.

15 जून

सावलीसाठी वेगळी निगेटिव्ह केली. सगळं चित्र तिच्यात दाट, फक्त ताडपत्रीखालचा भाग उघडा आणि त्यातला फरक ताणून वाढवलेला. रंग काजळी. डिंक आणि काजळी म्हटलं की पोथ्यांची आणि मोडीतल्या दप्तरांची शाई. तीच दोन द्रव्यं आज माझ्या वाटीत आहेत, फक्त प्रकाशाला जागं करणारं डायक्रोमेट वाढलंय.

पहिला हात वाया गेला. रंग जास्त घातला, 0.4 ग्रॅम, एका दमात काळोख मिळावा म्हणून. तो भाग वाळल्यावर खवले पडून उडाला, कारण रंगाच्या मानाने डिंक कमी पडला. नशिबाने हे चाचणीच्या तावावर होतं.

मग 0.1 ग्रॅमचे तीन पातळ हात. पहिल्याला चार मिनिटं, दुसऱ्याला साडेपाच, तिसऱ्याला सात. प्रत्येकाच्या मध्ये पूर्ण धुणं, पूर्ण वाळवणं, कपाट. शनिवार दुपारपासून रविवार रात्रीपर्यंत फक्त एक कोपरा. तिसरा हात सुटत असताना पाण्याखाली अंधार थोडा थोडा मागे सरकला आणि ती गोल वस्तू उभी राहिली. कड स्पष्ट, वर उजेडाची बारीक रेघ. तिला पोत्याचा मऊपणा नाही. काय ते अजून कळत नाही.

17 जून

शेवटची सफाई. पांढऱ्या कडांवर डायक्रोमेटचा फिकट तपकिरी डाग राहतो. सरबतं टिकवायला वापरतात त्या केएमएसचं 1 टक्का द्रावण, पाच मिनिटं, मग वीस मिनिटं वाहत्या पाण्यात. या वेळी थर फार नाजूक होतो, बोट लावायचं नाही. दोन्ही ताव कापडावर आडवे वाळत घातलेत.

22 जून, रविवार

एक ताव मामीला दिला. या वेळी तिने तो हातात घेतला, खिडकीशी नेला. बाहेर पाऊस होता, उजेड मऊ. हळदीवर बोट न लावता, थोडं वर धरून फिरवलं.

"आता हाय बघ. चौथ्या-पाचव्या दिवसाची हळद हाय ही. अजून वाळायची हाय."

फोटो कुठल्या दिवशी काढला ते मी तिला सांगितलं नव्हतं. वहीत पाहिलं. हळद शिजवून पसरल्याचा पाचवा दिवस.

मग ती सावलीकडे आली. डोळे बारीक केले. "कळशी हाय माझी," म्हणाली. "उन्हात पाणी तापतंय म्हणून तिथं ठिवत हुते. ह्या साली फुटली की ती."

मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलंय : पिवडी 1, हान्सा 1, थॅलो 1, किरमिजी 1, काजळी 3. उजव्या कडेला किरमिजी अर्धा मिलिमीटर सरकलेला आहे.